प्लेटलेटचा एक वार तुमचा असू द्या

मे महिना सुरू झाला आहे. कॉलेजं रिकामी झाली, चाकरमानी कोकणात गेले, ज्यांना जमलं ते मुलाबाळांना घेऊन थंड हवेच्या गावी गेले. परळच्या टाटा रुग्णालयात आणि त्याच्या खारघरच्या केंद्रात मात्र रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण होते तिथेच आहेत, आणि त्यांचे नातेवाईक हातात चिठ्ठी घेऊन रक्तकेंद्राच्या खिडकीपाशी उभे आहेत. चिठ्ठीवर ‘एसडीपी’, म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेट, असं लिहिलेलं असतं, रक्तगट असतो आणि काउंट असतो. नऊ हजार. सहा हजार. कधी चार. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, असतात. काउंट दहा हजारांच्या खाली गेला की हिरडीतून आपोआप रक्त येऊ लागतं, अंगावर लाल ठिपके उमटतात, आणि मेंदूत रक्तस्राव झाला तर तोवर केलेले सगळे उपचार वाया जातात.

म्हणून ही कळकळीची विनंती. तुमचं वय १८ ते ६० दरम्यान असेल, वजन पन्नास किलोंहून जास्त असेल आणि तब्येत ठणठणीत असेल, तर या आठवड्यात एकदा प्लेटलेट द्यायला जा. तेवढ्यावर थांबू नका, महिन्यातला एक दिवस या कामासाठी कायमचा बांधून घ्या. मुंबई-ठाण्याच्या लोकांना हे मी आधी सांगतो, कारण देशभरातले रुग्ण इथे येतात. पण पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, पणजी, कुठेही जिथे रक्ताच्या कर्करोगावर उपचार होतात, तिथे गरज हीच आहे.

यावर काही सुशिक्षित माणसं विचारतात, ‘आता तर कार-टी आलं ना? रुग्णाच्या स्वतःच्याच पेशींनी कर्करोग बरा होतो म्हणे. मग दात्यांची गरज कशाला?’ हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

कार-टी आलं आहे, हे खरं आहे. त्याचा अभिमान वाटावा असं कामही आपल्याकडेच झालं. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन केंद्रात, देशात पहिल्यांदा कार-टी पेशी रुग्णाला दिल्या गेल्या. त्या पेशी आयआयटी मुंबईत राहुल पुरवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवल्या होत्या. त्यातून तयार झालेल्या ‘नेक्सकार१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकांनी परवानगी दिली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते या उपचाराचं लोकार्पण झालं. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे तीस-चाळीस लाखांच्या घरात आला. सामान्य घराला तेही झेपत नाहीच, गावाला वर्गणी काढावी लागते. तरी दार उघडलं आहे.

परळचं टाटा रुग्णालय उभं राहिलं त्यामागेही रक्ताचा कर्करोगच होता. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे याच रोगाने, गेल्या. तेव्हा जगातल्या कुठल्याही डॉक्टरकडे हा रोग बरा करणारं औषध नव्हतं, आणि पैसा कितीही असला तरी त्याचा काही उपयोग नव्हता. दोराबजींच्या नावाच्या न्यासाने पुढे १९४१ मध्ये हे रुग्णालय उघडलं. आज लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया झालेली बहुसंख्य मुलं नीट, पूर्ण केमोथेरपी मिळाली तर बरी होतात. ज्यांचा आजार उलटतो, त्यांचा मार्ग पूर्वी जवळजवळ बंद होता. २०१२ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात एमिली व्हाइटहेड या सहा-सात वर्षांच्या मुलीला कार-टी पेशी दिल्या गेल्या. ती मरणाच्या दारातून परतली, आणि या उपचारावर जगाचा विश्वास बसला.

आता हा उपचार रुग्णाच्या शरीरात कसा घडतो ते पाहा. आपल्या रक्तातल्या टी-पेशी या शरीराच्या पहारेकरी पेशी. कर्करोगाची पेशी त्यांना परकी वाटत नाही, म्हणून त्या तिला सोडून देतात. डॉक्टर रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढतात, एका निष्प्रभ केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात नवं जनुक बसवतात, आणि मग त्या पेशींना ‘सीडी१९’ नावाची खूण ओळखता येऊ लागते. बी-पेशींच्या ल्युकेमियात ही खूण कर्करोगाच्या पेशींवर असते. अशा पेशी प्रयोगशाळेत वाढवून, गोठवून, तपासून रुग्णाला शिरेतून परत दिल्या जातात.

सांगायला चार वाक्यं लागली. रुग्णाला मात्र यात कित्येक आठवडे काढावे लागतात, आणि त्यातला बराच काळ तो प्लेटलेटच्या पिशवीवर असतो. एकतर तो आधीच केमोने पोखरलेला असतो. केमो कर्करोगाच्या पेशींबरोबर अस्थिमज्जेतल्या चांगल्या पेशीही मारते, त्यामुळे टी-पेशी काढायच्या तर त्या पुरेशा उरलेल्या हव्यात. त्यासाठी केमोचा परिणाम ओसरण्याची वाट पाहावी लागते. ही वाट पाहणं फार जीवघेणं असतं, कारण कर्करोग त्या दिवसांत स्वस्थ बसत नाही. पेशी काढून झाल्या की त्या तयार होऊन येईपर्यंत आजार दाबून ठेवायला बऱ्याच जणांना पुन्हा केमो द्यावी लागते. काउंट पुन्हा पडतो. पेशी शरीरात सोडण्याआधी नव्या पेशींना जागा करून देण्यासाठी आणखी तीन दिवस औषधं असतात. काउंट आणखी पडतो. पेशी आत गेल्यावर ताप येतो, रक्तदाब घसरतो, कधी रुग्णाला भोवतालचं भान राहत नाही. ते वादळ शमल्यावरही अस्थिमज्जा लगेच जागी होत नाही. काहींना महिना, काहींना त्याहून जास्त काळ बाहेरून प्लेटलेट द्याव्या लागतात.

नेक्सकार१९च्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त छापून आले. ६४ रुग्णांचा तो अभ्यास होता, आणि ज्यांचा परिणाम मोजता आला त्यांपैकी ७३ टक्क्यांना उपचाराने गुण आला. वर्तमानपत्रांनी हा आकडा ठळक छापला, आणि तो ठळक छापावा असाच आहे. त्याच अभ्यासात दुसरीही नोंद आहे: पेशी दिलेल्या दर तीन रुग्णांमागे जवळपास दोघांच्या प्लेटलेट गंभीर म्हणावं इतक्या खाली गेल्या. त्या काळात ज्यांनी त्यांना तगवलं, त्या दात्यांची नावं कुठल्याही शोधनिबंधात नसतात. कार-टीच्या पेशी रुग्णाच्या स्वतःच्या, पण त्यांचा उपयोग होईपर्यंत रुग्ण जगतो तो दुसऱ्याच्या प्लेटलेटवर. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

‘मग घरचे लोक देतील की,’ हाही समज आहे. घरचे म्हणजे कोण? यवतमाळहून, बीडहून, बिहार-बंगालमधून आलेल्या रुग्णासोबत बहुधा एकच माणूस असतो. तो दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीत जागा मिळेल का या विवंचनेत असतो. जागा मिळाली नाही तर फुटपाथ. त्याला या शहरात ओळखीचं कुणी नाही आणि त्याच्या हातात ‘डोनर आणा’ अशी चिठ्ठी पडते.

शिवाय घरच्या माणसांनी देणं वैद्यकीयदृष्ट्याही धोक्याचं ठरू शकतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपण करायची वेळ आली तर सख्खा भाऊ, बहीण, आई किंवा वडील हेच मूळपेशींचे दाते होण्याची शक्यता असते. त्यांचं रक्त किंवा प्लेटलेट आधीच रुग्णाच्या अंगात गेल्या, तर त्याचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं आणि उद्याचं प्रत्यारोपण फसू शकतं. दुसरा धोका असा की जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात न ओळखल्या जाता तग धरू शकतात आणि त्याच्यावरच उलटू शकतात. हा प्रकार क्वचित घडतो, पण घडला तर बहुधा प्राण घेतो. म्हणून अशा रुग्णांना द्यायच्या पिशव्यांवर आधी किरणांचा मारा करतात. आई बाह्या सरसावून ‘माझं घ्या’ म्हणत पुढे येते आणि तिला थांबवावं लागतं, त्यामागचं कारण हे असतं. तिच्या लेकराला नात्यातलं नसलेलं माणूस हवं असतं. तुम्ही किंवा मी.

रक्तदानात महाराष्ट्र मागे नाही, उलट देशात आघाडीवर आहे. जयंती, पुण्यतिथी, नेत्याचा वाढदिवस, गणेशोत्सव, प्रत्येक निमित्ताला मंडप पडतो, रांग लागते, शेकडो पिशव्या जमतात. या शिबिरांनी असंख्य जीव वाचवले आहेत आणि ती घेणाऱ्या मंडळांबद्दल मला आदरच आहे. पण शिबिराचा हिशेब लाल पेशींना लागू पडतो. त्या शीतपेटीत पाच-सहा आठवडे टिकतात, प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो. प्लेटलेट फ्रिजमध्ये ठेवता येत नाहीत. त्या २० ते २४ अंशांत, सतत हलत्या फळीवर ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसांत वापराव्या लागतात. त्या पाचांतला काही वेळ एचआयव्ही, कावीळ, मलेरिया, गुप्तरोग यांच्या तपासण्यांत जातो. बुधवारी जमलेली पिशवी पुढच्या सोमवारनंतर टाकून द्यावी लागते. एका रविवारी तीनशे जण आले आणि पुढचे तीन आठवडे कुणीच फिरकलं नाही, तर त्या तीन आठवड्यांत काउंट पडलेल्या रुग्णाला त्या तीनशेंचा काहीही उपयोग नाही.

यावर उपाय आपल्या जुन्या चालीतच सापडतो. पुण्यात शिकायला आलेला गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असं आठवडाभर. कुणा एका घरावर भार नाही, आणि मुलगा उपाशी राहत नाही. प्लेटलेटचे असेच वार लावून घ्यायला हवेत. हिशेब सोपा आहे. एखाद्या सोसायटीतले, मंडळातले किंवा कंपनीतले तीस जण तयार झाले आणि प्रत्येकाने महिन्यातून फक्त एकदा, आपल्या ठरलेल्या तारखेला जाऊन प्लेटलेट दिल्या, तर त्या रक्तकेंद्रात जवळपास रोज एक ताजी पिशवी येते. वर्षभर. मे महिन्यातही, दिवाळीतही, शिमग्यातही. नियमाप्रमाणे एका माणसाला वर्षातून चोवीस वेळा प्लेटलेट देता येतात आणि दोन वेळांमध्ये किमान अठ्ठेचाळीस तासांचं अंतर पुरतं. आपण तर त्याच्या निम्म्यावरच थांबतो आहोत.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी खास विनंती आहे. यंदाचं शिबिर जरूर घ्या, पण तिथेच एक वही ठेवा. रक्त देऊन उठलेल्या माणसाला विचारा, ‘तीन महिन्यांनी प्लेटलेटचा वार घेणार का?’ दहातल्या एकानेही हो म्हटलं तरी तुमच्या मंडळाची यादी तयार होईल. ती यादी जवळच्या रक्तकेंद्राच्या समाजसेवकाच्या हातात द्या. कुणाला कधी बोलवायचं हे तो ठरवेल, कारण कुठल्या दिवशी कुठल्या गटाची पिशवी कमी आहे हे त्याला माहीत असतं. वर्गणीपेक्षा आणि फलकापेक्षा ही वही जास्त मोलाची आहे.

आता प्रत्यक्ष तिथे काय होतं, कारण माणसं अडतात ती इथे. रक्तकेंद्रात आधी थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन पाहतात, ते १२.५ तरी असावं लागतं. मग प्लेटलेटचा काउंट, तो दीड लाखाच्या वर हवा. दोन्ही दंडांच्या शिरा बघतात. तुम्ही आरामखुर्चीत बसता, सुई टोचली जाते आणि रक्त एका यंत्रात जातं. यंत्र फिरत्या भांड्यात प्लेटलेट वेगळ्या काढतं आणि उरलेलं रक्त तुम्हाला परत देतं. रुग्णाच्या टी-पेशीही अशाच यंत्राने काढल्या जातात. नळ्यांचा संच दर वेळी नवा, बंद पाकिटातला, वापरून झाला की नष्ट करण्याचा, त्यामुळे संसर्गाची भीती बाळगायचं कारण नाही. सगळ्याला एक ते दीड तास लागतो. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या द्रवामुळे ओठांना मुंग्या येतात, कधी थंडी वाजते. लगेच सिस्टरांना सांगायचं, त्या यंत्राचा वेग कमी करतात, कॅल्शियमची गोळी देतात. मी स्वतः दर महिन्याला जाऊन बसतो आणि त्याच दिवशी कामावर परततो. अशक्तपणा येत नाही, कारण लाल पेशी तुमच्या तुम्हाला परत मिळतात, आणि दिलेल्या प्लेटलेट शरीर थोड्याच दिवसांत भरून काढतं.

पोट रिकामं ठेवून जाऊ नका. पाणी भरपूर प्या. आधीच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसावी, कारण ती घेतल्यावर प्लेटलेट नीट काम करत नाहीत. ताप, अँटिबायोटिक, नुकतंच गोंदवून घेणं, अलीकडची शस्त्रक्रिया, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. त्यांनी ‘आज नको’ म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका, समोरचा रुग्ण अशा अवस्थेत असतो की तुमची साधी सर्दीही त्याला महागात पडते. यंत्राने काढलेल्या अशा एका पिशवीतून पाच-सहा जणांच्या रक्तातून मिळाव्यात इतक्या प्लेटलेट मिळतात. रुग्णाचा काउंट साधारण तीस ते पन्नास हजारांनी वर येतो, आणि सहा जणांऐवजी एकाच परक्या माणसाच्या पेशी त्याच्या अंगात जातात.

व्हॉट्सॲपबद्दल एक सांगायलाच हवं. ‘अर्जंट, टाटामध्ये बी पॉझिटिव्ह प्लेटलेट हव्यात’ असा निरोप तुम्हालाही आला असेल. त्यातले कित्येक जुने असतात आणि रुग्णाची गरज केव्हाच संपलेली असते. कधी तर रुग्णही राहिलेला नसतो आणि त्याच्या वडिलांचा फोन वाजतच राहतो. तारीख, वेळ आणि रुग्णालयाचं नाव नसलेला निरोप पुढे पाठवू नका. तारीख असेल तर आधी फोन करून खात्री करा. आणि निरोप पुढे ढकलला म्हणजे आपलं काम झालं असं मानू नका, आधी स्वतः देता येतं का ते पाहा.

ज्यांचं वय अजून पन्नासच्या आत आहे, त्यांच्यापुढे आणखी एक विनंती ठेवतो. कार-टी सगळ्यांना लागू पडत नाही. नेक्सकार१९ला परवानगी आहे ती पंधरा वर्षांवरच्या, बी-पेशींचा आजार उलटलेल्या किंवा औषधांना न जुमानणाऱ्या रुग्णांसाठी. मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशींवर सहसा सीडी१९ची खूण नसते. अशा रुग्णांतल्या अनेकांना दुसऱ्याच्या मूळपेशींचाच आधार उरतो. त्या पेशी नवी अस्थिमज्जा उभी करतात आणि त्यातून आलेली नवी प्रतिकारशक्ती लपलेल्या कर्करोगपेशी हुडकून मारते. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. बाकीच्यांना दात्यांच्या नोंदवहीत शोधावं लागतं, आणि ही जुळणी वंशपरंपरेने येत असल्यामुळे मराठी रुग्णाचा दाता मराठी माणसांतच सापडण्याची शक्यता जास्त. ‘दात्री’, ‘मॅरो डोनर रजिस्ट्री इंडिया’, ‘डीकेएमएस’ यांसारख्या संस्था गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, तेवढ्यावर नोंद होते. लंडन, न्यू जर्सी, सिडनी इथल्या मराठी मंडळींनी तिथल्या नोंदवहीत नाव घातलं तरी चालेल, शोध जगभर घेतला जातो. मात्र पक्का निश्चय असेल तरच नाव द्या. दात्याचा होकार आल्यावर रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा औषधांनी नष्ट केली जाते. त्यानंतर दाता मागे फिरला तर रुग्णाकडे काहीच उरत नाही.

आणि रुग्णांच्या घरच्यांना, हात जोडून: केमो संपवून घरी आलेल्या माणसाला ‘प्रतिकारपेशी वाढवून देतो, आजार पुन्हा येणार नाही’ असं सांगून लाखो रुपये मागणारे लोक आहेत. घाबरलेलं घर त्यांना पटकन वश होतं. पैसे देण्याआधी दोनच गोष्टी विचारा. या उपचाराला केंद्रीय औषध नियामकांची परवानगी आहे का? आणि चाचणी सुरू असेल तर तिचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक काय? उत्तर टाळलं गेलं तर तिथून उठा, आणि जिथे केमो घेतली त्या डॉक्टरांकडे जा.

वय उलटून गेलं म्हणून, मधुमेहाचं इन्सुलिन चालू आहे म्हणून, वजन भरत नाही म्हणून ज्यांना देता येत नाही, त्यांनाही करण्यासारखं पुष्कळ आहे. दात्याला आणायला-सोडायला गाडी द्या. सोसायटीची यादी सांभाळा. तुमच्या हाताखाली माणसं काम करत असतील, तर प्लेटलेट द्यायला जाणाऱ्याची अर्ध्या दिवसाची रजा कापू नका.

आजच जवळच्या परवानाधारक रक्तकेंद्राला फोन करा. क्रमांक ‘ई-रक्तकोश’वर मिळेल. विचारायचं इतकंच: तुमच्याकडे प्लेटलेट अफेरेसिसची, म्हणजे यंत्राने प्लेटलेट काढण्याची, सोय आहे का, माझ्या गटाची गरज कोणत्या वारी जास्त असते, आणि मी पहिल्यांदा कधी येऊ? समोरचा जी तारीख सांगेल ती कॅलेंडरवर लिहा, आणि फोन ठेवण्याआधी पुढच्या महिन्याचीही तारीख मागून घ्या.